सर्व्हर डाऊन आहे. मग माझी नोंद कुठं आहे?

शनिवारी श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीला बाजार असतो. जनावरांच्या गाड्या दौंडच्या बाजूनं येतात, नगरच्या बाजूनं येतात, आणि बाजाराला आलेला माणूस त्याच फेरीत कागदांची कामंही उरकून घेतो. पीककर्जासाठी सातबारा काढायचा असतो, विम्याचा अर्ज भरायचा असतो, रेशन दुकानात अंगठा द्यायचा असतो. अशा गर्दीच्या दिवशी काउंटरवरून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सर्व्हर डाऊन आहे, नंतर या."

माणूस चरफडत परत जातो. पण दोन दिवसांनी पुन्हा आला, की तोच सातबारा, तोच गट नंबर, शेवटच्या आरपर्यंत तेच क्षेत्र, बोजाची तीच नोंद त्याच्या हातात पडते. दोन दिवस यंत्रणा गप्प होती, तरी नोंदीला धक्का लागला नाही.

आता याच्या उलट प्रकार बघा. एखाद्या छोट्या पतसंस्थेचा किंवा दूध डेअरीचा संगणक वर्षभर एक दिवसही बंद पडत नाही. आणि एका सकाळी तो व्यवस्थित सुरू होतो, पडदा उजळतो, फक्त आतले सगळे हिशेब गायब असतात. म्हणजे यंत्रणा बंद पडूनही नोंद शाबूत राहू शकते आणि यंत्रणा चालू असूनही नोंद नाहीशी होऊ शकते. यंत्रणा चालू राहावी म्हणून करायची तजवीज आणि गेलेली नोंद परत मिळावी म्हणून करायची तजवीज या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्यांनी पहिली केली त्यांतले पुष्कळ जण दुसरीही झाली असं समजून निश्चिंत असतात. गावोगावच्या संस्थांचे दप्तर संगणकावर जात असताना हा फरक प्रत्येक सचिवाला आणि प्रत्येक सभासदाला माहीत असायला हवा, असं मला कळकळीनं वाटतं.

बंद पडतं ते नेमकं काय?

सर्व्हर हाही एक संगणकच. दुसऱ्या संगणकांनी मागितलेली माहिती शोधून देणं आणि त्यांनी पाठवलेली नोंद जपून ठेवणं हे त्याचं काम, आणि ते रात्रंदिवस चालतं.

१ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. काष्टीतल्या सेवा केंद्रात बसलेल्या मुलानं गट नंबर टाकला, की ती मागणी आधी केंद्रातल्या राउटरमधून जाते, मग रस्त्याकडेच्या फायबरमधून, मग टेलिफोन कंपनीच्या यंत्रांमधून डेटा सेंटरपर्यंत पोचते. तिथं एक प्रोग्राम ती मागणी वाचतो आणि डेटाबेसला, म्हणजे सगळ्या नोंदी शिस्तीनं लावून ठेवणाऱ्या व्यवस्थेला, विचारतो. प्रत्यक्ष नोंद असते ती अगदी शेवटी, डिस्कवर. रस्त्याच्या रुंदीकरणात जेसीबीनं केबल तोडली, राउटरचा वीजपुरवठा गेला किंवा विम्याच्या शेवटच्या तारखेला राज्यभरातून एकाच वेळी मागण्या आल्या, तरी आपल्या पडद्यावर दिसतं ते एकच: चक्र फिरत राहतं आणि पान उघडत नाही. बहुतेक वेळा बिघाड हा असा वाटेवरचा असतो. डिस्कवरच्या नोंदीला त्याची झळही लागलेली नसते.

वाटेवरच्या बिघाडावर उपाय म्हणजे प्रत्येक टप्प्यावर एकाऐवजी दोन. दोन वेगळ्या रस्त्यांनी आलेल्या केबल, दोन राउटर, एका सर्व्हरला वीज देणारे दोन पॉवर सप्लाय, त्यांच्यामागे यूपीएस आणि जनरेटर. एक भाग पडला तरी काम न थांबण्याच्या या गुणाला दोषसहनक्षमता म्हणतात. ती तपासताना एकच प्रश्न पुरतो: सगळ्यांचं काम जिच्यावर अडेल अशी एकटी वस्तू कुठं उरली आहे का?

अशी वस्तू यंत्रच असते असं नाही, ती एखादी कंपनीही असू शकते. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्यावर राष्ट्रीय पेमेंट महामंडळानं तिला देशाच्या पेमेंट जाळ्यापासून तात्पुरतं तोडलं. तिची सेवा घेणाऱ्या सुमारे ३०० लहान बँकांच्या, म्हणजे मुख्यतः सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे डिजिटल व्यवहार त्यामुळे अडले. त्या बँकांची नावं वेगळी, गावं वेगळी, संचालक वेगळे. पण धागा एकच होता.

डिस्क मोडणारच, हे धरून चालायचं

हार्ड डिस्क उघडली तर आत आरशासारख्या चकचकीत तबकड्या दिसतात. सर्वसाधारण डिस्कमध्ये त्या मिनिटाला ७,२०० फेरे घेतात, आणि त्यांच्या पृष्ठभागापासून केवळ काही नॅनोमीटरवर एक छोटं टोक तरंगत राहून चुंबकीय खुणा वाचतं आणि लिहितं. केसाची जाडी त्या अंतराच्या हजारो पट असते. इतक्या नाजूक यंत्रानं वर्षानुवर्षं न थांबता चालावं हेच नवल आहे. नव्या एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतं, पण तिच्या पेशींवर किती वेळा लिहिता येतं याला मर्यादा असते. डिस्क कोणतीही घ्या, ती कधी ना कधी जाणारच.

पूर्वी यावर तोडगा म्हणजे अत्यंत महागडी, मजबूत डिस्क घेणं. १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी उलटा विचार मांडला: साध्या, स्वस्त डिस्कच पुष्कळ घ्या, त्यांची अशी जुळणी करा, की एक मेली तरी तिच्यावरचं सगळं उरलेल्यांवरून काढता येईल. या जुळणीला 'रेड' असं नाव पडलं.

हे ऐकताना जादूसारखं वाटतं, पण आत आहे तो प्राथमिक शाळेतला हिशेब. समजा, तीन डिस्कवर अनुक्रमे १४, ९ आणि २२ हे आकडे आहेत. चौथ्या डिस्कवर आपण त्यांची बेरीज लिहून ठेवली: ४५. आता दुसरी डिस्क जळाली. ४५ मधून १४ आणि २२ वजा करा. ९ परत मिळाले. पहिली जळाली असती तर ४५ मधून ९ आणि २२ वजा केले असते. आणि चौथी, बेरजेचीच, जळाली तर पुन्हा बेरीज करायची. चारपैकी कोणतीही एक जाऊ द्या, काहीच हरवत नाही. म्हणजे तीन डिस्कांच्या माहितीला तीन जादा डिस्क लागत नाहीत, एका जादा डिस्कवर भागतं. कल्पनेचं सगळं सौंदर्य या काटकसरीत आहे.

संगणकाला सगळं ० आणि १ मध्येच कळत असल्यानं तो बेरजेऐवजी सम-विषम बघतो. तीन डिस्कवर १, ०, १ असेल तर एक हा अंक दोनदा आला, म्हणजे सम. म्हणून चौथ्यावर ०. तो विषम वेळा आला असता तर चौथ्यावर १ लिहिला असता. चारही मिळून एकांची संख्या नेहमी सम ठेवायची, एवढाच नियम. एक जागा रिकामी झाली की बाकीच्या तीन बघून तिथं काय असायला हवं ते आपोआप ठरतं. या ताळ्याच्या अंकाला पॅरिटी म्हणतात. प्रत्यक्षात तो एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर थोडाथोडा वाटून ठेवतात, म्हणजे एकीवरच ताण येत नाही.

याला मर्यादाही आहे. गेलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवली की उरलेल्या सगळ्या डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचून तिच्यावरची माहिती पुन्हा काढावी लागते. आजच्या मोठ्या डिस्कला यासाठी कित्येक तास, प्रसंगी दिवसाहून जास्त वेळ लागतो. त्या वेळात आणखी एक गेली तर खेळ खलास. आणि सगळ्या डिस्क बहुधा एकाच वेळी, एकाच खोक्यातून आलेल्या, सारख्याच वयाच्या आणि सारख्याच दमलेल्या असतात. म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी दोन डिस्क गेल्या तरी चालेल अशी दुहेरी पॅरिटीची जुळणी वापरतात.

वीज गेली आणि नोंद अर्धीच राहिली

श्रीगोंदा तालुक्यात वीज जाण्याची सवय सगळ्यांना आहे. सर्व्हरला मात्र अचानक जाणारी वीज फार जड जाते. एका सभासदानं कर्जाचा ५,००० रुपयांचा हप्ता भरला. संगणकाला दोन बदल करायचे आहेत: रोख शिल्लक ५,००० नं वाढवायची आणि त्याची येणेबाकी ५,००० नं घटवायची. पहिला बदल झाला आणि वीज गेली. आता पैसे जमा आहेत, पण कर्ज तसंच आहे.

सोसायटीच्या जुन्या पद्धतीत याचं उत्तर आधीपासून आहे. सचिव थेट खतावणीत लिहीत नाही. आधी व्यवहार रोजकीर्दीत चढतो, मग रोजकीर्दीवरून खतावणीत. खतावणी करताना मधेच उठावं लागलं, तरी रोजकीर्द समोर ठेवून कुठपर्यंत चढवलं आणि काय राहिलं ते लावता येतं. डेटाबेस अगदी असंच वागतो. खऱ्या नोंदीला हात लावण्याआधी तो काय करणार आहे ते एका क्रमवार नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, डिस्कवर लिहितो. वीज परत आली की आधी लॉग वाचतो: ज्या व्यवहाराचे दोन्ही भाग तिथं पूर्ण लिहिलेले आहेत तो पुरा करतो, जो अर्धवट आहे तो झालाच नाही असं धरून पुसतो. हप्ता एक तर पूर्ण भरलेला असतो किंवा अजिबात भरलेला नसतो, अधलीमधली अवस्था उरत नाही.

यूपीएसचं काम इथं नीट कळतं. त्याच्यावर दिवसभर काम चालावं अशी अपेक्षाच नसते. हाती घेतलेलं लिखाण पुरं करून संगणक शिस्तीत बंद करण्यापुरती दहा-पंधरा मिनिटं त्यानं दिली, की पुरे. त्याची बॅटरी मात्र वापरात नसतानाही झिजते, म्हणून अधूनमधून मुद्दाम मेन स्विच काढून ती किती वेळ टिकते ते बघायला हवं.

दोन सर्व्हर आणि त्यांच्यातला गैरसमज

डिस्क आणि वीज सांभाळली तरी अख्खा सर्व्हर जाऊ शकतो. म्हणून मोठ्या ठिकाणी त्याचा जोडीदार तयार ठेवतात. दोघं एकमेकांना सतत 'मी आहे' असा इशारा पाठवत राहतात. मुख्य सर्व्हरचा इशारा थांबला, की दुसरा कारभार हाती घेतो.

पण इशारा थांबला म्हणजे पहिला मेलाच, असं कसं म्हणायचं? दोघांमधली केबल तुटली असेल तर दोघंही जिवंत असतात आणि दोघांनाही वाटतं, दुसरा गेला. मग दोघंही मालक होतात, दोघंही नोंदी घेतात, आणि एकाच खात्याचे दोन निरनिराळे इतिहास तयार होतात. ते नंतर जुळवणं महाकठीण असतं. यावर उपाय म्हणून तिसरा साक्षीदार नेमतात. तिघांपैकी दोघांचं मत ज्याच्या बाजूनं, त्यानंच कारभार करायचा. बहुमत नसलेल्यानं आपणहून गप्प बसायचं. थोडा वेळ सेवा बंद राहिली तरी चालेल, पण दोन सत्यं तयार होता कामा नयेत, ही यामागची निवड आहे आणि ती मला योग्य वाटते. 'सर्व्हर डाऊन' या पाटीमागे कधीकधी असा शहाणपणाचा निर्णयही असतो.

जोडीदार किती दूर ठेवावा, हाही पेच आहे. त्याच इमारतीत ठेवला तर आग दोघांना खाते. दूर ठेवला तर प्रत्येक नोंद तिथं पोचून होकार येईपर्यंत थांबावं लागतं. काचेच्या फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते दिल्ली १,४०० किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन सेकंदाचा सुमारे १४ हजारांश भाग. माणसाला ते जाणवणारही नाही; पण अशा हजारो नोंदी एकामागून एक करायच्या झाल्या तर तुंबा होतो. म्हणून दूरच्या प्रतीसाठी बरेचदा होकाराची वाट न बघता पुढं जातात, आणि संकटात शेवटच्या काही सेकंदांच्या नोंदी जाण्याचा धोका पत्करतात. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची राष्ट्रीय डेटा सेंटरं दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर अशी देशभर पसरलेली आहेत; एकाच शहरातल्या पुरानं, आगीनं सगळं थांबू नये, हा या अंतराचा फायदा.

चूकसुद्धा तितक्याच तत्परतेनं उतरते

वरची सगळी व्यवस्था यंत्राच्या मरणावरचा उपाय आहे. माणसाच्या चुकीपुढं ती हतबल असते. ऑपरेटरनं चुकून वर्षभराचे व्यवहार खोडले, तर दुसरी डिस्क, जोडीदार सर्व्हर आणि दूरची प्रत तिघंही तो हुकूम क्षणात, इमानदारीनं पाळतात. सगळीकडं एकसारखं खोडलं जातं. खोडण्याआधीची स्थिती तिघांपैकी कुणाकडंही नसते.

म्हणून बॅकअप निराळा. बॅकअप म्हणजे ठरावीक क्षणी काढून बाजूला ठेवलेली आणि नंतरच्या बदलांना हात लावू न देणारी प्रत. मंगळवारी झालेली चूक सोमवारच्या बॅकअपमध्ये पोचू शकत नाही, यातच त्याची किंमत आहे.

जगभरच्या प्रोग्रामरांचं काम सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीला ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री हा धडा मिळाला. जोडीदार सर्व्हर मागं पडला होता, तो दुरुस्त करायला एक अभियंता उशिरापर्यंत बसला होता. जोडीदाराचा बिघडलेला डेटा खोडण्याचा हुकूम त्यानं दिला, पण समोर उघडी खिडकी मुख्य सर्व्हरची होती. चूक लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरला होता. मग बॅकअप शोधायला सुरुवात झाली. रोजचा बॅकअप जिथं साठायला हवा ती जागा रिकामी निघाली, कारण प्रोग्रामच्या दोन आवृत्त्या जुळत नसल्यानं तो बरेच दिवस होतच नव्हता. तो होत नसल्याचे इशारे ईमेलनं निघत होते, पण ईमेल नाकारले जात होते. कुणापर्यंत एकही पोचला नाही. अखेर सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच एका कामासाठी हातानं काढलेली प्रत सापडली आणि तिच्यावर कंपनी तरली. मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्या. कंपनीनं ही सगळी हकिगत स्वतः जाहीर केली, म्हणून आज ती आपल्याला शिकता येते.

प्रत कुठं ठेवायची?

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावरून ती वर पसरली, पाच माणसं दगावली, अनेक विभागांच्या फाईली जळाल्या. त्यानंतर जिल्ह्यांतल्या आणि इतर कार्यालयांकडच्या प्रतींवरून जमतील तेवढ्या फाईली पुन्हा उभ्या करण्याचं काम हाती घ्यावं लागलं. कागद असो वा संगणक, मूळ आणि प्रत एकाच छपराखाली असतील तर आगीच्या लेखी ते एकच.

अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी आपल्या छायाचित्रांच्या जपणुकीसाठी एक नियम रूढ केला, तो आता सगळीकडं ३-२-१ म्हणून सांगितला जातो: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी किंवा निदान दुसऱ्या इमारतीत. आज यात आणखी एक अट घालायला हवी: एक प्रत कायम तुटलेली, म्हणजे संगणकाला न जोडलेली असावी. रॅन्समवेअर हा घुसखोर प्रोग्राम पोचेल तिथली प्रत्येक फाईल कुलूपबंद करतो आणि किल्लीसाठी खंडणी मागतो. बॅकअपची डिस्क कायम संगणकाला टोचलेली असेल तर तीही त्याला पोचण्यातलीच. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये असा हल्ला झाला आणि सुमारे दोन आठवडे रुग्णांच्या नोंदी हातानं कागदावर कराव्या लागल्या. ई-हॉस्पिटलचा सगळा डेटा बाधा न झालेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून परत मिळाला, असं सरकारनं संसदेत सांगितलं. एवढ्या मोठ्या रुग्णालयाचं दप्तर त्या एका सर्व्हरवरून उभं राहिलं.

सोसायटीच्या कपाटापासून सुरुवात

२९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्याकडच्या विविध कार्यकारी सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. खर्च २,५१६ कोटी रुपये, अंमलबजावणी नाबार्डकडं, आणि सर्वांना एकच सामाईक क्लाउड प्रणाली. मुख्य डेटा गावाबाहेर सुरक्षित जागी राहणं ही चांगलीच गोष्ट आहे. तरी दर महिन्याचं तेरीजपत्रक आणि सभासदनिहाय बाक्या छापून, सही-शिक्क्यानिशी कपाटात ठेवण्याची जुनी सवय सोडू नये. सभासदाच्या हातातलं भरलेलं पासबुक तर फारच मोलाचं: वेगळ्या घरात, वेगळ्या साधनावर असलेली ती एक स्वतंत्र प्रतच आहे.

ज्या डेअऱ्या, पतसंस्था, दुकानं स्वतःच्याच संगणकावर हिशेब ठेवतात त्यांना फार खर्चाची गरज नाही. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्याव्यात. एक आठवडाभर वापरून शनिवारी काढावी आणि दुसऱ्या जागी, शक्यतो बँकेच्या लॉकरमध्ये न्यावी. तिथली दुसरी परत आणावी. रोजची प्रत आठवडाभर, आठवड्याची महिनाभर, महिन्याची वर्षभर ठेवायची, आणि ३१ मार्चची कायमची. इतक्या मागच्या प्रती यासाठी, की चूक बरेचदा त्याच दिवशी लक्षात येत नाही. ऑडिटर आल्यावर दोन महिन्यांपूर्वीचा घोळ उघड होतो. डिस्कवर सभासदांचे आधार क्रमांक असतात, म्हणून ती पासवर्डनं कुलूपबंद असावी, आणि तो पासवर्ड एकट्या सचिवाच्या डोक्यात न राहता बंद पाकिटात अध्यक्षांच्या ताब्यातही असावा.

---

चौकट: संगणकवाल्याला विचारायचे प्रश्न

• शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा, किती वाजताचा आहे?
• आत्ता संगणक जळाला तर किती तासांच्या नोंदी जातील?
• काम पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागेल?
• संगणकाला न जोडलेली प्रत कुठं आहे?
• बॅकअप झाला नाही तर कुणाला, कसं कळतं?
• बॅकअप परत उतरवून शेवटचं कधी बघितलं?

---

उतरवून बघितल्याशिवाय खरं मानू नये

चौकटीतल्या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही. पडद्यावर 'बॅकअप पूर्ण' असं हिरव्या अक्षरांत येतं, तेवढ्यावर समाधान मानलं जातं. पण त्या फाईलमध्ये काय आहे ते ती उघडल्याशिवाय कळत नाही. कधी चुकीचा फोल्डर नकलला जात असतो, कधी डिस्क भरल्यानं फाईल अर्ध्यावर तुटलेली असते, कधी हिशेब येतात पण सभासदांचे फोटो आणि सह्यांचे नमुने राहून जातात.

तपासणी अवघड नाही. तीन महिन्यांतून एकदा, कामाच्या संगणकाला हात न लावता, दुसऱ्या एखाद्या संगणकावर तोच प्रोग्राम टाकायचा आणि लॉकरमधली डिस्क जोडायची. बॅकअप उतरवायचा, त्याच तारखेचं तेरीजपत्रक काढायचं आणि कपाटातल्या छापील पत्रकाशी ओळीनं ओळ ताडून बघायचं. मग यादीतली कोणतीही पाच खाती निवडून त्यांच्या बाक्या पासबुकांशी जुळवायच्या. सुरुवात केली ती वेळ आणि जुळलं ती वेळ लिहून ठेवायची. खऱ्या संकटात काम किती वेळ बंद राहील याचा आपल्या संस्थेपुरता खरा आकडा तोच. ताळा जुळला की इतिवृत्तात तारीख टाकून नोंद करायची आणि सचिवाशेजारी बसून दुसऱ्या कर्मचाऱ्यानं पुढच्या वेळी हेच काम स्वतःच्या हातानं करायचं.